पाव्हणं पाणी

आमच्या पंचायत समितीत रत्नमाला खरात म्हणून एक मॅडम आहेत. त्यांच्याबद्दल कुणी चार ओळी लिहील असं मला वाटत नाही, म्हणून मीच सांगतो. मी सर्जेराव, तिथल्या जीपचा ड्रायव्हर. तालुका कोणता ते विचारू नका, माझी नोकरी अजून शिल्लक आहे. संभाजीनगरहून निघालात तर वाटेत एकदा चहाला थांबावं लागतं, एवढं लांब आहे असं समजा.

मॅडम चितेगावच्या. वडील कडुबा खरात, पैठण रोडवरच्या एका कारखान्यात मशीनपुढं उभं राहून राहून रिटायर झाले. पायाच्या शिरा फुगल्या, पण पोरीला विद्यापीठात पाठवलं, पर्यावरणाचं एम. एस्सी. करवलं. घरात बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली पोरीचा पदवीच्या झग्यातला फोटो. मॅडम अंगानं लहानखुऱ्या, चष्मा सारखा नाकावरनं घसरणारा, आणि बोलणं असं घाईचं की ऐकणाऱ्यालाच दम लागावा. जीपमध्ये बसल्या की आधी काच खाली करणार. "मामा, हवा येऊ द्या की!" मे महिन्यात कसली हवा येते आमच्याकडं, भट्टी येते. तरी काच खालीच.

त्यांचं काम म्हणजे पाण्याची खबर गोळा करणं. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेनं त्यासाठी पैसा दिला होता. प्रत्येक गावात एक बाई नेमायची, तिनं विहिरीत फीत सोडून पाणी किती आहे ते मोजायचं, फोनवर मॅडमला कळवायचं. असं सगळ्या गावांचं एका ठिकाणी जमलं की कुठं टँकर लागणार, कुठं बोअर आटणार, हे उन्हाळ्याच्या आधी कळणार. कागदावर त्याला 'माहितीचं जाळं' असं भारी नाव होतं. गावच्या बाईला पाणीताई म्हणायचं. आणि मॅडम या सगळ्याच्या समन्वयक. कंत्राटी, दुसरं काय! आमच्याकडं ज्याच्या डोक्यावर काम असतं तो कंत्राटीच असतो.

मी पहिल्याच फेरीला म्हणालो, "मॅडम, असली जाळी मी लई पाहिली. पाऊस मोजायचं भांडं आलं होतं ग्रामपंचायतीत. आता त्यात तुळस लावलीय."

"मग तुळस काढू आपण," मॅडम म्हणाल्या.

"तुळस कोण काढू देतंय तुम्हाला?"

हसल्या. हसताना चष्मा आणखी खाली यायचा. त्या उन्हाळ्यात आम्ही तालुक्यातली एकूण एक वाडी फिरलो. मला वाटलं होतं, चार दिवस उन्हात फिरतील आणि ऑफिसातला कूलर गाठतील. कसचं काय, माझ्याच कमरेचे काटे ढिले झाले.

खरी भानगड विहिरीवरनं झाली. शेतातली विहीर मोजू द्यायला एक माणूस तयार होईना. "आज फीत टाकता, उद्या मोटार बंद कराल." आमच्या भागात माणूस पोरीचं वय खरं सांगेल, विहिरीचं पाणी खरं सांगणार नाही. शेवटी गावागावानं एकच तोडगा काढला. गावठाणातली सार्वजनिक विहीर मोजा, ती कुणाच्या बापाची नाही. मॅडमलाही ते पटलं, कारण तिथं बाई न घाबरता जाऊ शकते.

आता इथं जरा नीट ऐका. उन्हाळ्यात सरकारी टँकर येतो तोही याच विहिरीत रिकामा करतात. टँकरवाला पाइप विहिरीत सोडतो आणि निघून जातो, मग बाया पोहरा टाकून शेंदून नेतात. घरोघर हंडे भरत बसायला त्याला वेळ नसतो. म्हणजे जी विहीर मोजायची, तिच्यातच टँकर ओतायचा. हे पोराटोरापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणापासून लपलेलं नव्हतं.

कडुबांनी मात्र ऐकल्याबरोबर नकारार्थी मान हलवली होती. मॅडमला सोडायला चितेगावला गेलो होतो, चहा चालला होता. ते म्हणाले, "बाई, कुणाचं पाणी हाये ते आधी विचारावं, मग किती हाये ते मोजावं. आमच्या आईनं लहानपणी हेच शिकवलं आमाला." त्यांच्या आईला गावच्या विहिरीपासून लांब बसून, कुणीतरी वरनं ओतेल तेव्हा घागर भरावी लागायची. ते सांगताना म्हातारा हसत होता. मी चहा संपवला आणि उठलो.

जांभळवाडीची पाणीताई होती साळूबाई. पन्नाशी उलटलेली, जमीन कोरडवाहू, मुलगा कृष्णा वाळूजला कंपनीत कामाला, घरात सून श्रेया. साळूबाईचं तोंड म्हणजे तोफखाना. मॅडम पहिल्यांदा गेल्या तेव्हा ओसरीवर बसवून तिनं सरळच विचारलं, "ताई, मी खरं सांगितलं आन् त्याचा वापर आमच्यावरच केला तर?"

"तसं होणार नाही, मावशी."

"कशावरनं?"

"माझा शब्द आहे. खरं सांगितल्यानं तुमच्या गावाचं नुकसान होणार नाही."

साळूबाईनं मॅडमकडं बराच वेळ पाहिलं. मग सुनेला म्हणाली, "चहात साखर जास्ती टाक गं." तिथून ती मॅडमची झाली.

तिचे फोनवरचे आवाजी निरोप मॅडम जीपमध्ये मोठ्यानं लावायच्या. आमच्याकडं विहिरीचं पाणी परसात मोजतात, उभा माणूस बुडेल तेवढं म्हणजे एक परस. तर साळूबाईचा निरोप यायचा, "ताई, फीत दीड परस भिजली. पर हुरळून जाऊ नका. आपलं म्हणाल तर टीचभर हाये. बाकीचं समदं पाव्हणं पाणी, काल टँकर आलता. पाव्हणं काय, सांजच्याला उठून जातंय." मागं कोंबड्या ओरडत असायच्या, सून काहीतरी बोलत असायची, आणि ही आपली कारभाऱ्यासारखी हिशेब सांगायची. मॅडम पोट धरून हसायच्या.

तो शब्द इतका आवडला सगळ्यांना की दुसऱ्या गावच्या बायाही तसंच बोलायला लागल्या. करमाडकडनं लग्न होऊन आलेली एक सायली नावाची पोरगी पाणीताई होती, ती तर गाण्याच्या चालीत सांगायची, आपलं इतकं, पाव्हणं इतकं. मॅडमनी संगणकात दोन वेगळे रकाने केले, एक आपल्या पाण्याचा, एक पाव्हण्या पाण्याचा. जिल्ह्याचे लोक बघायला आले आणि वाहवा करून गेले. खोटं कशाला बोलू, त्या काळात मलाही वाटायला लागलं होतं की ह्या भांड्यात तुळस लागणार नाही.

मग पैसा देणाऱ्या संस्थेची मुदत संपली. समारोपाला मंडप, फेटे, श्रीखंडपुरी. एका पाहुण्यानं भाषणात सांगितलं की आता हे जाळं स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या पायावर उभं करावं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी मंडपवाला मंडप घेऊन गेला आणि जाळ्याची गाठ मॅडमच्या गळ्यात राहिली. त्यांचं कंत्राट दर काही महिन्यांनी वाढवून मिळायचं, तेही साहेबांच्या पाया पडल्यासारखं करून. गावोगावच्या बायांना काही मिळणं बंद झालं. एकेक पाणीताई गळायला लागली. कुणाचा फोन नवऱ्यानं काढून घेतला, कुणी कापूस वेचायला गेली, कुणाला नव्या सरपंचानं सांगितलं की आधीच्या पार्टीची कामं बंद. मॅडम एकेकीला फोन करायच्या, रुसलेल्यांना समजवायच्या, आजारी असेल तिला घरी जाऊन भेटायच्या. तरी निम्म्याहून जास्त गावं मुकी झाली. साळूबाई मात्र सोडेना. म्हणायची, "ताईंनी शब्द दिलाय, मंग मी कशी मागं हटू?"

त्यात वरून नवीन ॲप आलं. आवाज बिवाज काही नाही. गावाचं नाव निवडा, पाणी किती तो आकडा टाका, बटण दाबा, विषय संपला. ऑफिसात भिंतीवर मोठा टीव्ही लागला, त्यावर तालुक्याचा नकाशा. पाणी असलेलं गाव हिरवं, नसलेलं लाल. आणि ज्या गावानं काही कळवलंच नाही, तेही लाल. का, तर ॲप बनवणाऱ्यानं तसं ठरवलं.

मॅडम तडक बीडीओ साहेबांच्या केबिनमध्ये. अभय साहेब, माणूस तरुण, परीक्षा देऊन आलेला, बोलायला गोड. मी फाइल घेऊन दारातच होतो.

"साहेब, ह्यात पाव्हण्या पाण्याला जागाच नाही."

"कसल्या पाण्याला?"

"टँकरच्या. टँकर त्याच विहिरीत ओतला जातो. आकडा गेला की ॲप समजणार गावात पाणी आहे."

"हो, ते आहे खरं." साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. "पण मॅडम, ॲप वरून आलंय. आपण फक्त भरायचं. तुम्ही सूचना लिहून द्या, पुढच्या टप्प्यात बघू."

मॅडमनी लिहून दिलं. पुन्हा लिहून दिलं. जिल्ह्याला मेल केली, मुंबईला केली. साहेबांना कळत नव्हतं असं समजू नका. ते वैजापूरकडचे, त्यांच्याही गावात टँकर विहिरीतच उलटा होतो. कळत असून हात वर करणं, याला आमच्याकडं प्रशासन म्हणतात. मॅडमनी साळूबाईला फोन केला, की आकडा टाकाल तो टँकर यायच्या आधी मोजून टाका. साळूबाई म्हणाली, "ताई, टँकर कवा येतो ते टँकरवाल्याला तरी ठावं हाये का? आन् तुमचं ॲप सोमवारीच उघडतंय, दुसऱ्या दिवशी घेतच नाय." तेही खरंच होतं.

मे महिन्यात एका सोमवारी विहिरीत टँकरचं पाणी असताना साळूबाईनं फीत सोडली. फीत जेवढी भिजली तेवढा आकडा टाकला. खोटं बोलणं तिच्या हिशेबातच नव्हतं. टीव्हीवर जांभळवाडी हिरवीगार झाली. भोवतालची मुकी गावं सगळी लाल, आणि मधोमध ही एकटी हिरवी. टंचाईची बैठक झाली, टीव्हीकडं बोट दाखवून कुणीतरी म्हणालं, ह्यांना पाणी आहे. जांभळवाडीचा टँकर बंद. ज्यांनी वर्षभर एक आकडा पाठवला नव्हता त्यांचे टँकर चालू, आणि जी बाई इमानानं कळवत राहिली तिच्याच गावाच्या तोंडाला पानं पुसली. अरे, ही काय रीत झाली? मला आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

आम्ही गेलो तेव्हा विहिरीवर रिकामे हंडे आणि दातओठ खाणाऱ्या बाया. सरपंचाची आई केसरबाई सगळ्यांसमोर साळूबाईला म्हणाली, "तुझ्या त्या मोबाईलनं टँकर खाल्ला. कुणी सांगितलं हुतं तुला शहाणपणा करायला?" साळूबाई, जिच्या तोंडाला कुणी लागत नव्हतं, ती खाली बघत उभी. एकदाच मॅडमकडं पाहिलं तिनं. मॅडम बायांसमोर हात जोडून म्हणाल्या, "चूक मावशीची नाही. मी टँकर परत चालू करून देते."

केसरबाई म्हणाली, "शब्द देऊ नका बाई. देऊन झालाय एकदा."

मग सुरू झाली मॅडमची वणवण. ॲपवर एकदा हिरवं झालेलं गाव शून्य टाकल्याशिवाय पुन्हा लाल होत नव्हतं, ना टीचभर टाकून, ना काही न टाकून. नियमानं पाहायला गेलं तर संयुक्त पाहणी लागते. तलाठी, ग्रामसेवक, पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर, सगळ्यांनी एकत्र विहिरीवर यायचं आणि पाणी नाही असं लिहून द्यायचं. तलाठी असला की इंजिनिअर प्रशिक्षणाला. इंजिनिअर आला की ग्रामसेवकाच्या साडूचं लग्न. मॅडमचा चेहरा उन्हानं काळवंडला. एकदा साहेबच म्हणाले, "मॅडम, कशाला एवढा त्रास करून घेता? त्या बाईला सांगा, सोमवारी शून्य टाक. गाव लाल झालं की टँकर सुटला. मी स्वतः सही करतो."

"साहेब, खोटा आकडा टाकायला सांगू?"

"विहिरीत स्वतःचं पाणी नाही ना? मग शून्यच झालं की."

"टीचभर आहे साहेब. शून्य नाही. आणि आज मी शून्य टाकायला लावलं तर उद्या कुणाच्याच आकड्याला अर्थ राहणार नाही."

साहेबांनी खांदे उडवले. बाहेर आल्यावर मी बोललो मॅडमला. "अहो टाका की शून्य! बाया पाण्यासाठी मरतायत तिकडं." मॅडम चिडल्या माझ्यावर. पहिल्यांदाच. म्हणाल्या, "मामा, इतकी वर्षं मी त्यांना एकच सांगितलं, खरं सांगा. तेवढं एकच तर आहे माझ्याकडं. तेही विकू?"

साळूबाई त्या दिवसांत लांबच्या शेतातल्या जुन्या विहिरीवर जायला लागली होती. सून पोटुशी, म्हणून तिला पाण्याला पाठवत नव्हती. गावच्या विहिरीवर तर बाया तिला बोलून बोलून बेजार करायच्या. त्या जुन्या विहिरीच्या पायऱ्या निखळलेल्या. एका सकाळी घागर घेऊन उतरताना साळूबाईचा पाय सटकला आणि ती खालच्या खडकावर पडली. मांडीचं हाड मोडलं. गावातनं मॅडमला फोन आला. ॲम्ब्युलन्स दुसरीकडं गेलेली, म्हणून आम्ही जीपच घेऊन गेलो.

मागच्या सीटवर आडवी केली तिला, डोकं मॅडमच्या मांडीवर. रस्त्याला खड्डे, मी जमेल तेवढी सांभाळून चालवत होतो. प्रत्येक खड्ड्याला ती "आई गं" म्हणायची. संभाजीनगरचं घाटी हॉस्पिटल जवळ आलं तेव्हा ती एकदम शांत आवाजात म्हणाली, "ताई, मी खरंच सांगितलं हुतं ना?"

मॅडम तिच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसत राहिल्या.

साळूबाईला आत नेलं. तिची पिशवी मॅडमकडं होती, तिच्यात फोन. सोमवारच होता. मॅडम बाहेर कडुनिंबाखालच्या कट्ट्यावर बसल्या, फोन उघडला, जांभळवाडी निवडली आणि शून्य टाकलं. मग चष्मा काढला आणि रडल्या. मोकळं रडल्या, येणारी-जाणारी माणसं बघत होती. मी जवळ जाऊन म्हणालो, "मॅडम, रडू नका, बरोबर केलंत." त्या म्हणाल्या, "मामा, हे मी आधी केलं असतं तर मावशी पडली नसती. आणि आता केलंय तर बाकी सगळं पडणार." मला तेव्हा दुसरं वाक्य समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर जांभळवाडीत हजर. कुणी पाहणी केली नाही, कुणी काही विचारलं नाही.

अशी गोष्ट लपते होय? बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं एकच चर्चा. शून्य टाका, पाहणीशिवाय टँकर घ्या. वर्षानुवर्षं मुकी असलेली गावं एकाएकी बोलायला लागली. सरपंच स्वतः पाणीताईच्या घरी जाऊन फोनचा रिचार्ज करून द्यायला लागले. दर सोमवारी सगळीकडनं आकडा यायचा आणि सगळीकडनं तो एकच यायचा. फीत घेऊन विहिरीवर जाणं बंद झालं. ती गाणं म्हणणारी सायली, तिनं फितीला कपडे वाळत घातलेले मी स्वतः पाहिले. टीव्हीवर तालुका कसा कुंकवानं माखल्यासारखा लाल. आणि खाली लिहिलेलं, माहिती देणारी गावं शंभर टक्के. जिल्ह्यात पहिला नंबर आमचा! साहेबांचा सत्कार झाला. मॅडमचं कंत्राट एका सहीत वाढलं, या वेळी पायाही पडावं लागलं नाही.

पाऊस सुरू झाल्यावर आफ्रिकेतल्या मलावी नावाच्या देशातून पाहुणे आले. तिकडच्या जिल्हा परिषदेसारख्या कचेरीतली माणसं. तिकडंही परदेशी पैशानं असंच पाण्याच्या खबरीचं जाळं उभारलं होतं, पैसा संपला आणि जाळं मेलं. तर पैसा संपल्यावरही ते जिवंत कसं ठेवायचं, हे शिकायला ते आमच्याकडं आले होते. आमच्याकडं! संभाजीनगरच्या हॉटेलातनं मीच त्यांना आणलं. त्यांच्यात एक मोठ्या अंगाच्या, केस बारीक कापलेल्या बाई होत्या, आडनाव फिरी, म्हणून आम्ही त्यांना फिरीबाई म्हणायचो. सगळ्या वाटेनं काचेला नाक लावून बाहेर बघत होत्या. एका विहिरीपाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली, उतरल्या, वाकून बघितलं. विहीर काठोकाठ भरलेली. त्यांनी हात बुडवला आणि साडीवाल्या बायांकडं बघून हसल्या.

ऑफिसात मॅडमनी टीव्हीपुढं उभं राहून इंग्रजीत सगळं समजावलं. मी दारात उभा. नंतर जीपमध्ये मॅडमनी मला काय काय झालं ते सांगितलं, म्हणून कळलं. फिरीबाईंनी विचारलं होतं, "बाहेर इतका पाऊस पडतोय, विहीर भरलेली मी डोळ्यांनी पाहिली. मग इथं सगळ्या विहिरी कोरड्या कशा?"

मॅडमनी तोंड उघडलं, तोवर साहेबच हसून म्हणाले, "तांत्रिक विलंब आहे. माहिती वर यायला थोडा वेळ लागतो."

कुठला विलंब? भरल्या विहिरीचा आकडा टाकायची कुणाची छाती नव्हती, एवढंच. आज पाणी दाखवलं आणि उन्हाळ्यात टँकर नाही मिळाला तर? मॅडम गप्प राहिल्या. हे ऐकताना मला वाटलं, त्यांनी बोलायला हवं होतं. पण बोलून करणार काय होत्या? टीव्हीवरची ती लाली त्यांच्याच बोटानं सुरू झाली होती आणि त्यांची नोकरीही त्यावरच टिकली होती.

निघताना फिरीबाईंनी मॅडमचा हात हातात घेतला. म्हणाल्या, "आमच्याकडं गावं हातपंपांची खबर पाठवायची. ज्या गावानं पंप चालू आहे असं कळवलं, तिकडं मिस्त्री परत कधी फिरकला नाही. मग हळूहळू सगळ्यांचे पंप बंद झाले, कागदावर. तुमचा तांत्रिक विलंब आमच्याकडंही आहे." मग पाहुण्यांना वेरूळची लेणी दाखवायची होती, म्हणून सगळे घाईनं गाडीत बसले.

पाहुण्यांच्या त्याच कार्यक्रमात सर्वात नियमित माहिती देणारी पाणीताई म्हणून साळूबाईचं नाव पुकारलं होतं. ती येऊ शकत नव्हती. तिची हिमरू शाल आणि काचेतलं प्रशस्तिपत्र घेऊन आम्ही जांभळवाडीला गेलो.

साळूबाई ओसरीवर बाजेवर होती. हाड जुळलं होतं पण वाकडं, काठीशिवाय उठता येत नव्हतं. श्रेयाला मुलगी झालेली, ती शेजारी झोळीत. साळूबाईनं शाल उलटी करून धागे पाहिले, "चांगली हाये" म्हणाली आणि झोळीवर पांघरली. प्रशस्तिपत्र वाचून दाखवा असं म्हणाली नाही. पूर्वीची साळूबाई असती तर साहेबांची, आमची, सगळ्यांची हजामत केली असती. आता नुसती बसून होती. ओसरीवरनं विहीर दिसत होती. बाया पोहरा न टाकता, नुसतं वाकून घागरी बुडवत होत्या.

"पाय दुखतो का, मावशी?" मॅडमनी विचारलं.

"दुखतोय की. दुखणारच."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सोमवार होता, ॲपनं आठवण केली. साळूबाईनं उशाखालून चष्मा काढला, गावाचं नाव दाबलं आणि बोट तसंच अधांतरी धरून मॅडमकडं पाहिलं.

"ताई, किती टाकू?"

इतकी वर्षं ही बाई आम्हाला सांगत आली होती. आपलं किती, पाव्हणं किती, टीच न् टीच. पहिल्यांदा ती विचारत होती, तेही भरल्या विहिरीसमोर बसून. मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं.

मॅडमनी विहिरीकडं बघितलं. झोळीकडं बघितलं. मग खालच्या मानेनं म्हणाल्या, "शून्य टाका, मावशी."

साळूबाईनं शून्य टाकलं, बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली, खाली काहीतरी अक्षरं उमटली. तिनं फोन मॅडमपुढं धरला.

"काय म्हणतंय ते?"

मॅडमनी वाचून दाखवलं. "धन्यवाद म्हणतंय, मावशी. खरी माहिती दिल्याबद्दल धन्यवाद."